वर्गणीच्या यादीत ‘एकाच सेलमध्ये दोन रंग’ का दिले नाहीत: रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मंडळाच्या वर्गणीची यादी आमच्याकडून एक्सेलमध्ये करून घेतली, एकाच सेलमध्ये नाव काळं आणि बाकी लाल पाहिजे म्हणून सांगितलं होतं, आम्ही बाकी वेगळ्या कॉलममध्ये टाकून दिली. विचारल्यावर ‘फॉर्म्युला असला की होत नाही’ म्हणालो आणि घरी पुतण्याने लॅपटॉपवर लगेच करून दाखवलं. म्हणजे आम्हाला येत नाही, किंवा येत असून टाळलं, वर टायपिंगचे पैसे उकळले. दोन तारे. रिव्ह्यू बाकीचे लोकही वाचतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

पुतण्याने केलं ते बरोबर आहे. सेलवर डबल क्लिक करायचं किंवा एफ२ दाबायचं, पाहिजे तेवढीच अक्षरं सिलेक्ट करायची आणि रंग द्यायचा. कंट्रोल-बी दाबलं की तेवढीच ठळक होतात. कंट्रोल-१ ने फाँटची खिडकी उघडते, तिथून आकार, रंग, वर चढवलेलं अक्षर, सगळं त्या तुकड्यापुरतं बदलता येतं. आमच्याकडे शिकायला येणारी पोरं हे पहिल्या काही धड्यांतच शिकतात.

पण त्याने रंग दिलेला सेल एकदा उघडून बघा की. त्यात नाव आणि ‘बाकी ५००’ हाताने टाइप केलेलं असणार. हाताने टाइप केलेल्या मजकुराच्या तुकड्याला एक्सेल वेगळा रंग देतं. नुसती रक्कम असेल तर तिच्यातल्या दोनच अंकांना देत नाही, आणि फॉर्म्युल्यातून आलेल्या उत्तराच्या तुकड्यालाही देत नाही. फॉर्म्युल्याच्या सेलमध्ये साठवलेला असतो तो फॉर्म्युला. आपल्याला दिसणारी अक्षरं हिशेब बदलला की नव्याने तयार होतात, मग अमुक अक्षरापासून लाल ही खूण टिकणार कशावर? गूगल शीट्समध्येही हीच अडचण आहे. कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट घालून आपोआप रंग, लावलं तर रंग अख्ख्या सेलला लागतो.

काउंटरवर तुम्ही दोन गोष्टी मागितल्या होत्या. रंग ही एक. दुसरी म्हणजे पावती फाडली की बाकी आपोआप कमी झाली पाहिजे आणि खाली एकूण येणं दिसलं पाहिजे. खजिनदाराच्या यादीत दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटली आणि आजही वाटते. वर्गणी लोकांची असते. आपल्या बेळगावात कपिलेश्वर तलावावर विसर्जन झालं की हिशेब मागायला गल्लीतलंच माणूस दारात येतं.

‘बाकी ५००’ हा मजकूर झाला की एक्सेलची बेरीज तो धरत नाही. चुकलं असंही सांगत नाही, गप्प सोडून पुढे जाते. एकूण येणं कमी दिसतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. उद्या गल्लीचं नाव बदलायला फाइंड-रिप्लेस चालवलंत, तर ज्या सेलमधला शब्द बदलेल त्यातले दोन्ही रंग जाऊन सगळी अक्षरं एकसारखी होतात. फाइल सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची, करून कुणाला पाठवली तर रंग, ठळकपणा काहीच जात नाही.

म्हणून बाकीला स्वतःचा कॉलम दिला. त्यात ‘बाकी’ हा शब्द तुम्हाला दिसतो, पण तो टाइप केलेला नाही. आकड्याच्या फॉरमॅटमध्ये घातलेला आहे, त्यामुळे आत निव्वळ संख्या राहते आणि बेरीज बरोबर येते. शून्यापेक्षा जास्त असेल तोवर लाल, फिटली की काळी. मधली रेघ काढून टाकली आहे, कागदावर नाव आणि बाकी लागूनच दिसतात. हे काम टाळल्याचं नाही हो काका, विचार करून केलेलं आहे.

आता पैशांचं. तुमची जुनी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, नव्हती. त्या फाइलमध्ये एकाच सेलच्या अर्ध्या भागाला मराठीचा जुना फाँट आणि अर्ध्याला कन्नडचा, असं कुणीतरी खपून केलं होतं. आपल्याकडे गणपत गल्लीपासून खडेबाजारपर्यंत वर्गणीदारांची नावं दोन्ही लिप्यांत असतात, तेव्हा ते साहजिकच होतं. पण अशा जुन्या फाँटमध्ये आत साठतात ती इंग्रजी अक्षरांची चिन्हं, मराठी किंवा कन्नड रूप फक्त फाँट देतो. वर्गणीदाराच्या दुकानाचं आणि मालकाचं नाव फॉर्म्युल्याने जोडलं की अख्ख्या सेलला एकच फाँट लागतो आणि उरलेल्या अर्ध्याचा कचरा होतो. म्हणून प्रत्येक नाव युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावं लागलं. आता मराठी, कन्नड, इंग्रजी एकाच सेलमध्ये कसंही जोडा, वाचता येतं. बिलावर ‘पुन्हा टायपिंग’ म्हणून वेगळी ओळ आहे ती याचीच, आणि काम घेतानाच दर सांगितला होता.

मंडपातल्या बोर्डावर लावायला तुम्हाला एकाच सेलमध्ये दोन रंग पाहिजेतच, तर ते होतं. त्यासाठी छापायचं वेगळं पान करायचं. नाव आणि बाकी जोडून आलेला मजकूर तिथे नुसती व्हॅल्यू म्हणून चिकटवायचा, मग तो फॉर्म्युला राहत नाही आणि रंग घेतो. नावं शेकड्यांनी असली तर मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, एका दमात होतं. फक्त लाल कुठून सुरू करायचं ते डोळ्यांनी मोजून चालत नाही, कारण संगणक काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरतो. ‘क्षेत्र’ त्याच्या हिशेबाने ७ अक्षरं. मोजणीही मॅक्रोकडूनच करून घ्यायची. तुमच्या मूळ फाइलमध्ये मॅक्रो ठेवला नाही कारण तुम्ही ती मोबाईलवर उघडता, आणि मोबाईलच्या एक्सेलमध्ये असले मॅक्रो चालत नाहीत.

तारे किती द्यायचे ते तुमचं मत, ते तसंच राहू दे. ‘पैसे उकळतात’ ही ओळ मात्र बिल पुन्हा बघून काढावी, एवढी विनंती आहे. दुकानात कामाला असलेल्या मुलींनी एकेक कन्नड नाव कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घेतलंय, त्यांना ती ओळ लागली.

छापायचं पान मी करून देतो, त्याचे पैसे नकोत. पुतण्यालाही घेऊन या, मॅक्रो त्याला दाखवून ठेवतो, पुढच्या वर्षी तोच चालवेल. येण्याआधी यादीत शेवटच्या पावतीपर्यंतच्या नोंदी भरून ठेवा, कारण छापायच्या पानावरचे आकडे नंतर आपोआप बदलणार नाहीत.