वाहतूक परवाना पुरेसा का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लाकूड आणि बांबू यांच्या स्वतंत्र प्रमाणीकरणाविषयी, म्हणजे जंगल राखून तोड झाली की नाही हे बाहेरच्या संस्थेने तपासून प्रमाणपत्र देण्याविषयी, मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण नाव दिलेले नाही. 'कुरखेडा तालुक्यातील एका ग्रामसभेचा सदस्य' एवढीच ओळख दिली आहे आणि माझ्या दृष्टीने ती पुरेशी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे की, ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखले त्यांना बाहेरच्या तपासनिसाच्या शिक्क्याची गरज नाही. लाकडावर वनविभागाच्या हातोड्याचा ठसा आणि सोबत वाहतूक परवाना असताना आणखी एक कागद म्हणजे निव्वळ खर्च. अशी प्रमाणपत्रे पैसे मोजणाऱ्याला मिळतातच. आणि सागवानाची उदाहरणे देऊन मी ग्रामसभांना उपदेश केला, वास्तविक सागवानावर ग्रामसभेचा अधिकारच नाही.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तेथे चूक माझी आहे. वन हक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात बांबू, तेंदूपत्ता, मध, लाख, कंदमुळे अशा गोष्टी येतात. इमारती लाकूड येत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या क्षेत्रातही बांबू विकण्याचा निर्णय ग्रामसभेचा असतो, सागाचा मात्र नसतो. साग कोणत्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात), कोणत्या वर्षी आणि किती तोडायचा हे वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या लेखी योजनेत, किंवा १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या आराखड्यात ठरते. मी दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात गुंफल्या, त्यामुळे दुसऱ्याने तोडलेल्या सागाचा हिशेब गावाने द्यावा असा अर्थ निघाला. तो माझ्या मनात नव्हता. तरीही तो निघाला हे मान्य करून मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता परवान्याविषयी. येथे मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. वाहतूक परवाना हा माल कोठून निघाला, कोणाचा आहे आणि कोठे चालला आहे एवढेच सांगतो. तो माल निघून गेल्यावर मागे काय उरले, हा प्रश्न परवान्याला विचारताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशापासून केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय राज्यांच्या जंगलात तोड करता येत नाही, आणि त्या शिस्तीने आपल्या भागातली बरीच मनमानी थांबली, हे मी नाकारत नाही. परंतु आयोजना लिहिणारा, तिच्याप्रमाणे तोड करणारा आणि तोड नीट झाली की नाही ते पाहणारा विभाग एकच आहे. कोणत्याही प्रामाणिक वनरक्षकाचा अपमान न करता हे म्हणता येते. गावच्या सोसायटीचे हिशेबसुद्धा आपण सचिवाकडून तपासून घेत नाही; त्यासाठी बाहेरचा लेखापरीक्षक येतो.

माझे घराणे सुतारकीचे आहे. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या खेड्यात आजही सागाच्या चौकटी आणि दारे तयार होतात, आणि लिलावात घेतलेल्या प्रत्येक नगाची पावती व टीपी (वाहतूक परवाना) आम्ही जपून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी पुण्यातील एका वास्तुरचनाकाराने आमच्याकडे मोठ्या कामासाठी विचारणा केली होती. ती इमारत हरित मानांकनासाठी नोंदवलेली होती आणि अशा मानांकनात प्रमाणित लाकडाला गुण असतात. मी सगळी कागदपत्रे पाठवली. त्यांनी शांतपणे विचारले की, हे लाकूड ज्या कूपातून आले तेथे तोडीनंतर बियाण्याची झाडे किती ठेवली, नाल्याकाठची झाडे सोडली का, आणि हे कोणी बाहेरून जाऊन पाहिले आहे का. माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते काम परदेशातून आलेल्या प्रमाणित लाकडाला गेले. ज्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी निवडला गेला, त्या जिल्ह्यांतल्या सुताराला हे ऐकावे लागले याचे दुःख मला आजही आहे, आणि तो लेख त्याच दुःखातून लिहिला होता.

बांबूचा विचार केला तर हा मुद्दा आपल्याला अधिक जवळचा वाटेल. मानवेल बांबूचे बेट नीट राखले आहे की ओरबाडले आहे, हे जाणकार माणसाला पाहताक्षणी कळते. यंदा फुटलेला आणि गेल्या वर्षीचा बांबू तोडलेला नसावा, कारण पुढच्या वास्त्यांना (कोवळ्या कोंबांना) अन्न पुरवण्याचे काम त्याच्याच पानांचे असते. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेऱ्याच्या वर, तिरकस न फाटता झालेली असावी, म्हणजे बुंध्यात पाणी साचून कंद कुजत नाही. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात. म्हणून घोड्याच्या नालेप्रमाणे एका बाजूने आत शिरून मधला पक्का बांबू काढायचा असतो आणि कडेचा राखायचा असतो. घाईत असलेला मजूर नेमके उलटे करतो, कारण कडेचा बांबू हाताशी असतो आणि मजुरी नगावर मिळते. पावसाळ्यात तोड बंद हवी आणि एकदा तोडलेल्या बेटाला किमान तीन वर्षे विसावा हवा. यातले एकही वाक्य आपल्याला नवे नाही, हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, कंत्राटदाराचा ट्रक भरून निघतो तेव्हा यातले काहीही त्याच्या कागदावर उमटत नाही. उत्तम राखलेल्या बेटाचा बांबू आणि ओरबाडलेल्या बेटाचा बांबू एकाच भावाने, एकाच परवान्यावर बाहेर पडतो. यात नुकसान राखणाऱ्या गावाचे होते.

'प्रमाणपत्रे विकत मिळतात' या आपल्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो, कारण त्यात तथ्य आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टूअर्डशिप कौन्सिल या जंगल-प्रमाणीकरणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत तपासणी करणारी संस्था निवडतो आणि तिचे शुल्क भरतो तो ज्याची तपासणी व्हायची तोच. हा दोष मुळातला आहे. ग्रीनपीस इंटरनॅशनल या पर्यावरणवादी संघटनेने २०१८ मध्ये या कौन्सिलचे सदस्यत्व सोडले. युक्रेनमधील बीच लाकडाच्या बेकायदा तोडीविषयी २०२० मध्ये अर्थसाइट या संस्थेने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातले लाकूडही प्रमाणित पुरवठा साखळीतूनच गेलेले होते. मी मूळ लेखात हे लिहायला हवे होते.

तरीही मी ही पद्धत टाकून द्यायला तयार नाही. जंगलाच्या तपासणीचा सारांश तेथे सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. त्यात कोणत्या त्रुटी सापडल्या आणि त्या किती मुदतीत दूर करायच्या हे लिहिलेले असते. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असले तरी तपासणी दरवर्षी होते. आणि गावातला कोणीही माणूस लेखी तक्रार करू शकतो. आपल्या शेजारच्या कूपाविषयी असा एक तरी अहवाल आपण कधी वाचला आहे का? मी वाचलेला नाही. शिवाय त्या कौन्सिलच्या दहा तत्त्वांपैकी एक संपूर्ण तत्त्व मूलनिवासी लोकांच्या हक्कांविषयी आहे आणि त्यांची पूर्वसूचित, दबावमुक्त संमती त्यात आवश्यक मानली आहे. मोह, तेंदू, चार, बेहडा असलेले मिश्र जंगल साफ करून तेथे निव्वळ साग लावण्याचे धोरण आपल्या भागाने अनेक वर्षे सोसले. नैसर्गिक जंगल मोडून केलेल्या लागवडीला प्रमाणपत्र देण्यावर या पद्धतीत कडक बंधने आहेत; १९९४ नंतर मोडलेल्या जंगलासाठी आधी नुकसानभरपाईची आणि पुनर्स्थापनेची अट आहे, आणि २०२० नंतर मोडलेले जंगल तर प्रमाणपत्राला पात्रच ठरत नाही. आपण ज्याला परक्यांचा शिक्का म्हणता, त्याच शिक्क्याची अट पुढे करून एखादी ग्रामसभा महामंडळाला जाब विचारू शकते. आपल्या हाती आलेले साधन परके आहे म्हणून ते बाजूला ठेवावे, असे मला वाटत नाही.

खर्चाविषयी आपले म्हणणे रास्त आहे. दोनशे उंबरठ्यांच्या गावाने एकट्याने तपासणीचा भार उचलू नये आणि इंग्रजीतल्या शेकडो निकषांसमोर आपल्या वनव्यवस्थापन समितीला बसवू नये. अनेक लहान वनधारकांनी मिळून एकच प्रमाणपत्र घेण्याची गट पद्धत उपलब्ध आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली आहे; ती ऐच्छिक आहे आणि तिचे संचालन भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. मराठीतून, आणि जमल्यास गोंडीतूनही, तपासणी व्हावी ही मागणी आपण याच टप्प्यावर लावून धरली पाहिजे; निकष रुळल्यावर ते बदलणे कठीण जाईल. प्रमाणपत्राने भाव हमखास वाढेल, असे जे वाक्य मी लिहिले होते ते मागे घेतो. दार उघडते; आत किती भाव मिळेल ते खरेदीदारावर आणि गावाच्या घासाघिशीवर अवलंबून राहील.

राहिला आपला पहिला, आणि सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या पुस्तकासाठी गावाने किती वर्षे वाट पाहिली होती, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणूनच त्यावर दुसऱ्या कोणी शिक्का मारावा ही कल्पना आपल्याला टोचते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर तेंदूपत्त्याचे हमखास उत्पन्न स्वतःहून सोडले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. कोणत्याही बाहेरच्या निकषाने हे त्यांना सांगितले नव्हते. असे नियम बाहेरून आणता येत नाहीत आणि आणूही नयेत.

परंतु पाचगावचा निर्णय आपल्याला आणि मला माहीत आहे. पुण्यातल्या त्या वास्तुरचनाकाराला तो माहीत नाही आणि पाचगावचा बांबू पाहून तो कळणारही नाही. गावाचे स्वतःचे नियम हाच तपासणीचा पाया असावा, आणि बाहेरच्या माणसाने येऊन 'या गावाने जे ठरवले ते या गावाने पाळले' एवढे पाहून लिहून द्यावे, अशी माझी मांडणी आहे. मूळ लेखात मी ही गोष्ट ओझरती लिहिली आणि निकषांवर पानभर लिहिले. हे प्रमाण उलटे असायला हवे होते.

एक विनंती करून थांबतो. यंदा दिवाळीनंतर आपल्या ग्रामसभेची बांबूतोड सुरू होईल. आपल्या समितीची हरकत नसेल, तर मी दोन दिवस तेथे येऊन राहीन. आपल्यापैकी जाणत्या माणसांसोबत तोडलेली पन्नास बेटे पाहू, प्रत्येक बेटात काय तोडले आणि काय राखले ते एका साध्या वहीत आपल्याच शब्दांत लिहू, आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवू. ती छापायची की नाही, हे ग्रामसभेने ठरवावे.

आपला,
लेखक