टायपो जरूर काढा, पण एरर मेसेजला जपून हात लावा

डॉक्युमेंटेशनमधलं स्पेलिंग सुधारणाऱ्याला आपल्याकडे रिकामटेकडा समजतात. कोड लिहितो तो इंजिनिअर, काना-मात्रा बघतो तो शाळामास्तर! डीबगिंगच्या, म्हणजे बिघाड शोधण्याच्या, डॉक्युमेंटेशनबाबत तरी मला हे साफ नामंजूर आहे. ती पानं हौसेनं कोण वाचतं? सर्व्हर आडवा झालेला असतो, मॅनेजर फोनवर असतो. अशा वेळी कॉपी केलेल्या कमांडमध्ये एक अक्षर चुकलेलं निघालं, तर माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे याला पोरखेळ मानत नाहीत. त्यांच्या सोर्समध्ये नेहमीच्या स्पेलिंग-चुकांची एक फाइलच आहे. डावीकडे चूक, मध्ये दोन उभ्या रेघा, उजवीकडे बरोबर शब्द. मूळ यादी लिंटियनमधली; डेबियन या लिनक्स-प्रकाराची पॅकेजं तपासणारं हे साधन. चेकपॅच ही स्क्रिप्ट तुमचा पॅच, म्हणजे तुम्ही पाठवलेला बदल, त्या यादीशी ताडून बघते. आणि पॅच एका अक्षराचा असला तरी खाली साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाची सहीची ओळ, लागतेच.

खरी गोची पुढे आहे. समजा, एखादा ड्रायव्हर लॉगमध्ये 'रिसीव्ह्ड' लिहिताना ई-आयची अदलाबदल करतो. डॉक्युमेंटमध्ये ती ओळ जशीच्या तशी दिलेली. कुणीतरी उत्साहात कोडस्पेल हे स्पेलिंग तपासणारं साधन चालवतो आणि फक्त डॉक्युमेंट शुद्ध करून मोकळा होतो. आता डीमेसेज या कमांडनं दाखवलेल्या कर्नल-लॉगमधली ओळ उचलून कुणी डॉक्युमेंटमध्ये ग्रेप मारला, म्हणजे ती शोधली, तर हाती भोपळा. म्हणून आधी कोडमध्ये बघा. चूक तिथली असेल तर दोन्हीकडे सुधारा. तरीही जुन्या आवृत्त्या जुनीच ओळ छापत राहणार आणि लोकांच्या अलर्ट स्क्रिप्ट तीच शोधत असणार, तेव्हा डॉक्युमेंटमध्ये जुनं रूपही राहू द्या.

काही चुका तर सुधारताच येत नाहीत. आपण कुठल्या पानावरून आलो हे वेबसाइटला सांगणाऱ्या, एचटीटीपीच्या 'रेफरर' हेडरमधला एक आर गळाला, 1996 च्या आरएफसी 1945 या मानक-दस्तऐवजात तसाच छापला गेला आणि आजही ब्राउझर तोच पाठवतात. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' या दुसऱ्या हेडरात मात्र पूर्ण स्पेलिंग. डॉक्युमेंटमध्ये दोन्ही 'एकसारखे' करणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

बाकी टी-शर्टसाठी टायपो शोधणारी जमात वेगळी. ओपन सोर्समध्ये बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशा हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात 2020 साली त्यांनी रीडमी फाइलींत कायकाय घुसडलं होतं! शेवटी ज्या प्रोजेक्टला यायचंय त्यानंच नाव नोंदवावं, असा नियम करावा लागला.

आणि हो, एका पानातले टायपो एकाच पॅचमध्ये पाठवा. पाच टायपोंचे पाच पॅच पाठवलेत तर ते तपासणारा मेंटेनर वैतागेल, आणि मी त्याच्याच बाजूनं बोलेन.