एप्रिलची छाटणी कुणाच्या खात्यात?

भांडण सुरू झालं ते मिशिगनच्या टोपीवरून. मिशिगन म्हणजे आमचा शाळेतला मित्र. बावीस वर्षं डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, गाड्यांच्या कुठल्याशा पार्टांची डिझाइनं करतो, आणि दिवाळीला सांगलीत आला की रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर, म्हणजे बंद पडलेल्या सायकल दुकानाच्या पायऱ्यांवर, हजर. टोपीवर लाल चाक आणि चाकाला पंख.

"हे काय, एस. टी.चं नवीन चिन्ह?" रघ्यानं विचारलं.

"रेड विंग्ज. आइस हॉकी."

"जिंकत्यात का?"

इथं मिशिगन गप्प बसला असता तर आम्ही साडेआठला घरी गेलो असतो. पण तो म्हणाला, "जिंकतील. आयझरमन बसलाय वर." आणि सीए खो खो हसला. सीएचा मुलगा टोरांटोला शिकायला आहे, त्यामुळे पोराशी बोलायला विषय हवा म्हणून दोन वर्षांत यानं हॉकीचा ताळेबंद पाठ केलाय.

मग आमच्यासारख्या अडाण्यांसाठी मिशिगननं पहिल्यापासून सांगितलं. स्टीव्ह आयझरमन, कॅनडाचा. १९८३ साली ऐन अठराव्या वर्षी डेट्रॉइटनं त्याला निवडलं, एकविसाव्या वर्षी कॅप्टन केलं, आणि २००६ ला निवृत्त होईपर्यंत कॅप्टन तोच. १,५१४ सामने, ६९२ गोल, तीन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची तीन विजेतेपदं. आयुष्यात दुसऱ्या संघाचा शर्ट अंगाला लावला नाही.

"आणि आता कोच?" मास्तरांनी विचारलं. मास्तर आमचे पीटीचे. निवृत्त झाले तरी शिट्टी खिशात असावी असं बोलतात.

"कोच नाही मास्तर, जनरल मॅनेजर. कोच कोण हेही तोच ठरवतो."

"म्हणजे निवड समितीचा अध्यक्ष. वेंगसरकरांनी २००८ ला कोहलीला श्रीलंकेला नेलं, तसं."

"तसं नाही," सीए पुढं सरकला. "वेंगसरकरांना कोहलीचा पगार बसवायचा नव्हता. इथं २००५ पासून सॅलरी कॅप आहे. २०१८-१९ ला ती होती ७ कोटी ९५ लाख डॉलर. सगळा संघ त्यात बसवायचा. एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याला नारळ. शिवाय कोहली द्या, त्याच्या बदल्यात एक बोलर आणि पुढच्या वर्षी निवडायच्या पोराचा हक्क घ्या, असलेही सौदे करायचे."

"मग हे काम खेळाडूचं न्हाई, अडत्याचं हाय," रघ्या म्हणाला. रघ्याची तासगावला द्राक्षबाग आहे. अडत्या हा शब्द तो कधीच प्रेमानं उच्चारत नाही.

मास्तरांनी तेच धरलं. थोर खेळाडू खुर्चीत बसला की वाटोळं करतो, हा त्यांचा चाळीस वर्षांचा सिद्धांत. ज्याला सगळं आपोआप येतं, त्याला समोरच्याला का येत नाही हेच कळत नाही. सीएनं लगेच पुरावा दिला: वेन ग्रेट्स्की, हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू, फिनिक्सचा कोच झाला. चार हंगाम, आणि एकदाही प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, नाही. उलट डेट्रॉइटचाच केन हॉलंड बघा. गोलकीपर, सगळ्या कारकिर्दीत एनएचएलचे, म्हणजे या मोठ्या लीगचे, सामने चार. खेळ संपल्यावर आईनं त्याला व्हॅक्यूम क्लीनर विकायची नोकरी सुचवली होती. रेड विंग्जनी पोरं हेरायला ठेवलं. १९९७ ला जनरल मॅनेजर झाला आणि त्या खुर्चीत बसून तीन कप आणले.

"झालं की!" मास्तर म्हणाले.

"झालं काय? आयझरमन शिकला कुणाकडं? त्याच हॉलंडकडं!" मिशिगन उठून उभाच राहिला. निवृत्त झाल्यावर संघानं त्याला उपाध्यक्ष केलं. नुसता शोभेचा गणपती म्हणून बसता आलं असतं, गावानं आरती केलीच असती. पण चार वर्षं तो हॉलंडच्या हाताखाली बैठकांना बसला, शिकला. आणि मग २०१० च्या मे महिन्यात डेट्रॉइट सोडून फ्लोरिडात टॅम्पाला जनरल मॅनेजर म्हणून गेला, कारण हॉलंडची खुर्ची काही रिकामी होणार नव्हती.

मला विचाराल तर या माणसाच्या कारकिर्दीतली खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती गोलांची नाही. ती नाही म्हणण्याची आहे.

टॅम्पात दोन दैवतं होती. व्हिन्सेंट लेकॅव्हलिए आणि मार्टिन सेंट लुईस. दोघंही २००४ च्या कपवाले. लेकॅव्हलिए कॅप्टन, पण त्याचा करार लांबलचक आणि जड. २०१३ च्या उन्हाळ्यात आयझरमननं तो पैसे देऊन मोडला. सुमारे सव्वातीन कोटी डॉलर, चौदा वर्षांत फेडायचे, आणि खेळाडू मोकळा. ("चौदा वर्षं!" सीए म्हणाला. "गृहकर्ज झालं की हे.") कॅप्टनपद मिळालं सेंट लुईसला. आदल्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) त्याचे. वय ३८.

आता गंमत अशी की कॅनडाचा ऑलिंपिक संघ निवडायची जबाबदारीही आयझरमनकडंच होती. २०१० ला व्हँकुव्हरचं सुवर्ण त्यानं निवडलेल्या संघानं आणलं होतं, त्यामुळे २०१४ च्या सोचीलाही तोच. जानेवारीत यादी जाहीर झाली. सेंट लुईसचं नाव नाही.

"स्वतःच्याच संघाचा कॅप्टन?" मास्तरांचा चहा हातातच राहिला.

"स्वतःच्याच संघाचा कॅप्टन. रोज त्याच इमारतीत येणारा."

पुढं टॅम्पाच्याच स्टॅमकॉसचा पाय वेळेत बरा झाला नाही, त्याच्या जागी सेंट लुईसला घेतलं, सुवर्ण मिळालं. पण काच तडकली ती तडकलीच. त्यानं बदली मागितली, तीही न्यूयॉर्कलाच. एकाच गावाला जाणार म्हणणारा माल विकायचा म्हणजे गिऱ्हाइकानं भाव पाडायलाच हवा. तरी मार्चमध्ये आयझरमननं न्यूयॉर्कचा कॅप्टन रायन कॅलहन घेतला, वर निवडीचे हक्क घेतले आणि सेंट लुईसला सोडलं. पुढच्या वर्षी कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या एका अर्ध्या भागाच्या, अंतिम फेरीत टॅम्पा आणि न्यूयॉर्क समोरासमोर. सातवा सामना न्यूयॉर्कच्या घरी. टॅम्पा २-०.

"लई कडू माणूस हाय," रघ्या म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं की नाही ते कळलं नाही.

मिशिगनचं म्हणणं, हा कडूपणा त्याला खेळाडू म्हणूनच मिळाला. १९९५ साली खुद्द आयझरमनला ओटावाला विकायची चर्चा चालू होती. बारा वर्षं घाम गाळलेला कॅप्टन, आणि पेपरात स्वतःच्याच सौद्याच्या बातम्या वाचतोय. तराजूत बसून आलेल्या माणसाला तराजू धरताना हात थरथरत नाही. वाक्य टाळीचं होतं, पण मला पटलं नाही. तराजूत बसलेले पुष्कळ जण असतात. बहुतेकांना पुढं आयुष्यभर तराजूची भीतीच वाटते.

सीए मात्र वेगळीच वही उघडून बसला. "टॅम्पात त्यानं एक कप आणला का? सांग. एक?"

नाही आणला. २०१५ ला अंतिम फेरीत शिकागोकडून हरले. सप्टेंबर २०१८ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, आयझरमननं खुर्ची सोडली आणि २०१० ला त्यानंच हाताखाली आणलेल्या ज्युलियन ब्रिझब्वाला ती मिळाली. त्या हंगामात टॅम्पानं ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून सलग चार सामन्यांत मार खाल्ला. मग २०२० चा कप. मग २०२१ चा.

"दोन्ही ब्रिझब्वाचे," सीए म्हणाला. "निकाल ज्याच्या सहीखाली, श्रेय त्याचं."

आणि इथं, हॉकीचा चेंडू असतो की चकती हेही ज्याला अर्ध्या तासापूर्वी माहीत नव्हतं, तो रघ्या पेटला. दिवाळीचे दिवस म्हणजे त्याच्या छाटणीचे. बोटांना पेस्टिंगचा, म्हणजे छाटलेल्या काडीला लावायच्या औषधाचा, रंग तसाच.

"मर्दा, तू काय बोलायलायस? बागेला दोन छाटण्या असत्यात. एप्रिलला खरड छाटणी. त्या वक्ताला एक मणी दिसत न्हाई. नुसती काडी तयार करायची. पर घड धरतो तो त्या काडीच्या डोळ्यात, उन्हाळ्यातच. ऑक्टोबरला फळछाटणी केली की तो बाहेर येतो. आता एप्रिल छाटून मी बाग तुला खंडानं दिली, आणि माल तू विकलास. घड कुणाचा?"

"माझा. खंड भरलाय मी."

"आणि काडी?"

मिशिगनला आयतंच मिळालं. बोटं मोडत सुरू झाला. दरवर्षी संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात, त्यात गोलकीपर वासिलेव्हस्की, २०१२ ला एकोणिसावा निवडला. कुचेरोव्ह, २०११ ला अठ्ठावन्नावा. त्याच वर्षी पलाट, दोनशे आठवा, म्हणजे जवळजवळ झाडून काढलेल्यातला. ब्रेडन पॉइंट, २०१४ ला एकोणऐंशीवा. २०२० च्या अंतिम सामन्यात टॅम्पा २-० नं जिंकलं, पहिला गोल पॉइंटचा. २०२१ चा शेवटचा सामना १-०, तो एकुलता गोल रॉस कोल्टनचा, २०१६ ला एकशे अठरावा निवडलेला. सगळ्या काड्या आयझरमनच्या.

"आणि २०२० चा दुसरा गोल कुणाचा?" सीएनं शांतपणे विचारलं. "कोलमनचा. त्याला फेब्रुवारी २०२० ला आणलं ब्रिझब्वानं. स्टॅमकॉस आणि हेडमन तर आयझरमन यायच्या आधीच तिथं होते. आणि ही पोरं गावोगाव फिरून हेरली अल मरेनं, तो स्काउटांचा प्रमुख. अजून एक: स्टॅमकॉस २०१६ ला वर्षाला ८५ लाख डॉलरवर राहिला म्हणून सगळे वाहवा करतात. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर शून्य आहे. मिशिगनमध्ये सव्वाचार टक्के. वाटाघाटीतली निम्मी हुशारी कर खात्याची."

निम्मी नसेल. पण मुद्दा खोटा नव्हता, आणि मिशिगन दोन क्षण खाली बसला.

मग अर्थातच डेट्रॉइट निघालं. १९ एप्रिल २०१९ ला आयझरमन घरी परतला, जनरल मॅनेजर म्हणून. दोन महिन्यांनी व्हँकुव्हरला निवडीचा कार्यक्रम. सहाव्या क्रमांकावर त्यानं मोरिट्झ सायडर या जर्मन पोराचं नाव पुकारलं. त्या पोराचा चेहरा मिशिगननं आम्हाला मोबाइलवर दाखवला. डोळे वटारलेले, तोंड उघडं, शेजारच्यांकडं बघतोय की माझंच नाव ना? लोकांनी आयझरमनला वेड्यात काढलं. २०२२ ला सर्वोत्तम नवोदिताचा मान सायडरला.

"बघा!" मिशिगन.

"प्लेऑफ?" सीए.

हे ऐकवत नव्हतं. पंचवीस हंगाम सलग प्लेऑफ खेळलेला संघ, आणि २०१७ ते २०२५ सलग नऊ वर्षं बाहेर. पहिली तीन हॉलंडची, उरलेली सहा आयझरमनची. २०१९-२० ला तर ७१ सामन्यांत १७ विजय, लीगमध्ये तळाला, आणि तरीही निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत नशीब असं फिरलं की पहिल्याऐवजी चौथा क्रमांक आला.

मग मिशिगननं १६ एप्रिल २०२४ ची रात्र सांगितली, आणि टोमणे मारायचं आम्ही थांबवलं. शेवटचा सामना माँट्रिअलला. डेट्रॉइट जिंकलं आणि तिकडं वॉशिंग्टन अडखळलं तर प्लेऑफ. वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया १-१. फिलाडेल्फियाला नियमित वेळेतच जिंकणं भाग होतं, म्हणून त्यांनी बरोबरी असताना गोलकीपर बाहेर काढून एक जादा खेळाडू हल्ल्याला घातला. वॉशिंग्टननं रिकाम्या जाळीत चकती ढकलली. म्हणजे डेट्रॉइटचा सामना चालू असतानाच डेट्रॉइट बाहेर. खेळाडू बर्फावर, आणि सगळ्यांना माहीत की आता याला अर्थ नाही. तरी खेळले, शूटआउटमध्ये जिंकले. दोन्ही संघांचे गुण ९१. नियमित वेळेतले विजय वॉशिंग्टनचे जास्त, म्हणून पुढं तेच.

"मी आणि पोरगी सोफ्यावर तसेच बसून होतो," मिशिगन म्हणाला. "तिनं विचारलं, बाबा, आता कुणासाठी बघायचं?"

मास्तर म्हणाले, सहा वर्षं एका शाळेला निकाल देता आला नसता तर संस्थेनं मला घरी पाठवलं असतं. सीए म्हणाला, याला पाठवत नाहीत ते खेळाडू म्हणून घातलेल्या १९ नंबरच्या शर्टामुळे, दुसरा कोणी असता तर कधीच गेला असता. हे मला पटतं. खेळाडू असण्याचा फायदा तोच. काम जास्त चांगलं येतं असं नाही, पण लोक जास्त वेळ वाट बघतात. आणि या धंद्यात वेळ हीच सगळ्यात महाग गोष्ट.

रघ्यानं विचारलं, "टॅम्पात काडी तयार व्हायला किती वर्षं लागली?"

"२०११ चं लावलेलं २०२० ला पिकलं. नऊ."

"मग २०१९ अधिक नऊ..."

"अरे, पण मधल्या वर्षी दुसऱ्यानं फळछाटणी केली तिथं!" सीए ओरडला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पावणेअकराला मास्तरांच्या घरून फोन आला तेव्हा कट्टा उठला.

दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटची मॅच आपल्या पहाटे साडेचारला होती. साडेपाचला ग्रुपवर रघ्याचा मेसेज पडला. छाटणीची टोळी टेम्पोत घालून तासगावच्या रस्त्याला लागलेला.

"किती झालं रं?"