आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली, हे साफ खोटे आहे

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. तालुक्याच्या गावाला लागून तिची अकरा गुंठे जमीन आहे. यजमान गेल्यानंतर तिच्या नावावर झालेली. नगरपरिषदेच्या प्रारूप विकास योजनेत, म्हणजे गावातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या कच्च्या आराखड्यात, त्या जमिनीवर बगिच्याचे आरक्षण दाखवले आहे, म्हणजे ती बगिच्यासाठी राखून ठेवली आहे. मोबाइलवर आलेला एक संदेश तिने मला पूर्ण वाचून दाखवला आणि शेवटी विचारले, "उद्या इसार घेऊन टाकू का रे?"

संदेश थोडक्यात असा आहे. आरक्षण दाखवले की जमीन नगरपरिषदेची झाली, सातबाऱ्यावरचे नाव जाते आणि मोबदल्याचा एक रुपयाही हाती येत नाही. म्हणून आराखडा मंजूर होण्याआधी मिळेल त्या भावाने विकून मोकळे व्हा. हरकत घेऊ नका, कारण हरकतीच्या अर्जावरची सही म्हणजे आरक्षणाला दिलेली संमती धरतात. बगिचा, रस्ते, गटारे यांची कामे कायद्याने सर्वात कमी दर भरणाऱ्यालाच द्यावी लागतात, त्या ठेक्यांचे करार गोपनीय असतात आणि मुख्याधिकाऱ्याने सही केली की जिल्हाधिकारीसुद्धा काही करू शकत नाही. खाली 'एका ज्येष्ठ वकिलांचा सल्ला' असे लिहिलेले आहे. वकिलांचे नाव नाही. हाच मजकूर आमच्या नात्यातल्या आणखी तीन गटांवर फिरताना मला दिसला, आणि एकानेही तो तपासून पाहिलेला नव्हता.

पहिला दावा सर्वात घातक आहे, म्हणून त्याच्यावरच अधिक लिहितो. विकास योजना ज्या कायद्याखाली होते, तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आहे. आरक्षणाने जमिनीच्या वापरावर बंधन येते. मालकी ज्याची त्याचीच राहते आणि सातबाऱ्यावरचे नावही तसेच राहते. नगरपरिषदेला ती जमीन हवी असेल तर ती संपादन करावी लागते, आणि त्याचे मार्ग कलम 126 मध्ये दिलेले आहेत: मालकाशी बोलून ठरलेली रक्कम देणे, रकमेऐवजी टीडीआर (दुसऱ्या जागी बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र (जास्त बांधकामाची मुभा) देणे, नाहीतर 2013 च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेणे. या शेवटच्या मार्गात बाजारमूल्याशिवाय तेवढीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कमही धरावी लागते. 2020 साली आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत समावेशक आरक्षणाचीही सोय आहे, म्हणजे काही आरक्षणांच्या बाबतीत मालकाने ठरलेला भाग विकसित करून द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. एक रुपयाही मिळत नाही, असे म्हणणाऱ्याने यातले एकही कलम उघडून पाहिलेले नाही.

आणि नगरपरिषदेने काहीच केले नाही तर? त्यासाठी कलम 127 आहे, आणि प्रत्येक आरक्षणग्रस्त घरात ते माहीत असायला हवे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक नगरपरिषदेला नोटीस देऊ शकतो. नोटीस पोचल्यापासून 24 महिन्यांत संपादन झाले नाही आणि त्याची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि जमीन मोकळी होते. 'पावले उचलली' याचा अर्थ काय, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे: सभेत नुसता ठराव करणे किंवा वर प्रस्ताव पाठवणे पुरेसे नाही, प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेने पाऊल पडले पाहिजे.

आता घाईने विकण्याचा सल्ला कोणाच्या उपयोगाचा आहे, ते पाहा. खरेदीखत झाले की मोबदला, टीडीआर, दहा वर्षांनंतर नोटीस देण्याचा अधिकार, हे सगळे जमिनीबरोबर खरेदीदाराकडे जाते. आत्याला जो भाव सांगितला होता, तो शेजारच्या विनाआरक्षित जमिनीच्या निम्म्याहूनही कमी होता, आणि सांगणारा मध्यस्थ तोच संदेश पुढे पाठवत होता. संदेश कोणी लिहिला याबद्दल मी आरोप करत नाही. त्याने घाबरलेला माणूस कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, एवढेच सांगतो.

हरकतीबद्दलचा दावा तर वाचताना संताप येतो. ज्या कागदावर 'आमचा या आरक्षणाला विरोध आहे' असे लिहायचे, त्यावरची सही संमती कशी ठरेल? अधिनियमात असे एकही कलम नाही. उलट कलम 26 प्रमाणे प्रारूप योजना प्रसिद्ध करताना हरकती व सूचना मागवाव्याच लागतात, कलम 28 प्रमाणे नियोजन समितीपुढे हरकतदाराला सुनावणी मिळते, आणि पुढे राज्य शासनाने मंजुरी देताना योजनेत मोठे फेरबदल सुचवले तर त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही संधी न घेणाऱ्याचे म्हणणे नोंदीवर राहत नाही, आणि पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर 'तेव्हा हरकत का घेतली नाही?' हाच प्रश्न विचारला जातो. योजनेत जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा झोन दाखला आणि त्या भागाचा नकाशा (भाग नकाशा) घ्यावा, शेजारी सरकारी मोकळी जागा असेल तर आरक्षण तिकडे हलवा असे सुचवण्यासाठी तिचा गट नंबर अर्जात लिहावा, मुदत संपण्याआधी अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्यावी. मुदत सूचनेतच छापलेली असते.

यात एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. संदेशातली भीती पूर्णपणे हवेतून आलेली नाही. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यापासूनच त्या जमिनीवर बांधकाम परवानगी मिळणे अवघड होते. दहा वर्षे अधिक दोन वर्षे हा एका विधवेच्या आयुष्यातला फार मोठा काळ आहे, आणि नोटिशीनंतरची मुदत पूर्वी फक्त 6 महिने होती, ती शासनानेच वाढवत 24 महिन्यांवर नेली. छोट्या नगरपरिषदांकडे संपादनासाठी पैसे नसतात, हे माहीत असूनही आरक्षणे टाकली जातात. सूचना राजपत्रात आणि एखाद्या स्थानिक दैनिकात येते, नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो, आणि ज्याची जमीन आहे त्याला स्वतंत्र पत्र येत नाही. त्यातच डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपूर्वी कित्येक नगरपरिषदा बराच काळ प्रशासकांच्या हाती होत्या, त्यामुळे प्रभागात जाऊन विचारावे असा नगरसेवकच नव्हता. अशा पोकळीत हा संदेश रुजला.

ठेक्यांबद्दलचे दावे त्या मानाने लवकर निकालात निघतात. सर्वात कमी दराला प्राधान्य असते, हे खरे. पण आधी पात्रतेची कागदपत्रे असलेला तांत्रिक लिफाफा उघडतो, त्यात अपात्र ठरलेल्याचा दर लिहिलेला आर्थिक लिफाफा उघडतच नाही, आणि कोणतीही निविदा नाकारण्याचा अधिकार निविदेच्या अटींतच राखून ठेवलेला असतो. अंदाजपत्रकाहून फारच कमी दर आला तर ठेकेदाराकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली जाते. करार गोपनीय असतो, हे तर सरळ खोटे आहे. राज्य शासनाच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर ई-निविदांची माहिती आणि निकाल कोणालाही पाहता येतात. करारनामा, मोजमाप पुस्तक आणि देयकांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा अर्ज करून मागता येतात, आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांत लिहायचा असतो, म्हणून रस्ता आणि बगिचा यांचे अर्ज वेगळे करावेत. जिल्हाधिकाऱ्यांबद्दल म्हणाल तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम 308 त्यांना नगरपरिषदेच्या ठरावाची किंवा आदेशाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार देते.

आत्याने इसार घेतलेला नाही. तिची हरकत दोन पानांची आहे. सातबारा, भाग नकाशा आणि पलीकडच्या शासकीय जागेचा उतारा तिला जोडला आहे, आणि पोचेवर आवक क्रमांकासह शिक्का आहे. सुनावणीची तारीख अजून यायची आहे. त्या दिवशी मी रजा काढून तिच्याबरोबर जाणार आहे.