जन्म कधी झाला, हे आईला विचारू नका

पासपोर्ट, वारसनोंद, जातपडताळणी यांपैकी काहीतरी गळ्याशी आल्याशिवाय मराठी माणूस वाडवडिलांच्या ट्रंकेत हात घालत नाही. तुम्ही घातलाच असेल, तर डांबराच्या गोळ्यांच्या वासात, लग्नाच्या याद्यांखाली शाळेच्या दाखल्याची एक पिवळी घडी सापडेल. जपून उलगडा. कागद नेमका घडीवर फाटलेला असेल आणि तारीख नेमकी घडीवरच असेल.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला काही विचारू नका. माझी आजी सांगायची, "तुझा बाप पोळ्याचा. बैल दारात ओवाळणीला उभे, आणि मी आत कळा देतेय." याला पुरावा म्हणत नाहीत. आजी फक्त तिथं हजर होती. शाळेतले गुरुजी हजर नव्हते, तेव्हा त्यांची साक्ष निःपक्षपाती. त्यांनी लिहिलं १ जून १९५१, अंकी आणि अक्षरी.

गुरुजींची रीत शास्त्रशुद्ध होती. जूनमध्ये शाळा उघडायची. पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवला की सहा वर्षं पूर्ण. चालू सालातून सहा वजा करायचे, महिना जून, तारीख एक. कान हाताला लागला नाही तर पुढच्या वर्षी या. त्यामुळे आमच्या गावात लांब हातांची पोरं वर्षभर आधी जन्मली आणि आखूड हातांची मागाहून. माझे वडील आणि दोन्ही काका, तिघेही १ जूनचे. आजीनं तिन्ही बाळंतपणं पेरणीच्या आत, एकाच तारखेला उरकली असं सरकारदरबारी नमूद आहे.

या तारखेवर शंका घेऊ नका, तिच्यावर राज्याचा कारभार चालतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून ३१ मे आला की कचेऱ्याकचेऱ्यांत शाली-श्रीफळांची टंचाई. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी, ३१ मे २००९ला घरी बसले. आजीच्या पोळ्याप्रमाणे ३१ ऑगस्टपर्यंत पगार मिळाला असता. गुरुजींनी नुसती 'दोन जून' लिहिली असती तरी एक महिना पदरात पडला असता. पण गुरुजींना एक लिहायची सवय, आणि एक आकडा लिहायलाही सोपा.

सोपा म्हणजे मराठीत सोपा. आत्याच्या दाखल्यावर गुरुजींनी १/६/५४ असं वळणदार लिहिलं होतं. पुढं ते इंग्रजीत टाइप करणाऱ्या कुणा सज्जनाला मराठी एक हा इंग्रजी नऊ वाटला आणि मराठी चार हा इंग्रजी आठ. आत्या एका फटक्यात चार वर्षांनी लहान झाली आणि तारीख झाली नऊ जून. आमच्या घराण्यातली ही एकमेव स्वतंत्र जन्मतारीख. आत्याला तिचा अभिमान आहे, तुम्ही दुरुस्तीचं काढू नका.

ट्रंकेत जन्मपत्रिका सापडली तर ती तशीच मिटून ठेवा, उघडलीत की गेलात. जोशीबुवांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि साठ घटींनी संपतो, एक घटी चोवीस मिनिटांची. 'सूर्योदयापासून गत घटी ५०' म्हणजे वीस तास उलटलेले, म्हणजे रात्रीचे दोन. बुवांचा मंगळवार अजून चालू आहे, पण इंग्रजी तारखेनं बुधवार लागलेला. शकाचं इसवी सन करायला ७८ मिळवा, हे सगळ्यांना पाठ असतं. जानेवारीपासून शक बदलेपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे कुणालाच नसतं. तेवढ्या एका आकड्यानं पोर आईबापांच्या लग्नाच्या तीन महिने आधी जन्मतं, आणि नव्वद वर्षांनी भावकीत कुजबुज सुरू होते. मुंबईकरांचं तर बोलूच नका. तिथं १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' चालायचा. मध्यरात्रीनंतर सव्वा बाराला जन्मलेलं मूल कोणत्या दिवसाचं, हे खोलीत कुठलं घड्याळ लावलं होतं यावर.

एवढं होऊनही खरी तारीख हवीच असेल, तर तहसीलला जा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७०ला लागू झाला. त्याआधीच्या बाळांसाठी गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूंची वही. जुनी पानं मोडी लिपीत, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यात बापाचं नाव असतं, जात असते. बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आत नोंद झाली, आणि बारशानंतर कोतवाल फिरकला नाही.

मी बाबांच्या नोंदीसाठी गेलो. आजोबांच्या नावापुढं 'मुलगा' सापडला, पण साल १९४८चं. लेखनिक म्हणाला, "हेच तुमचे वडील. घ्या नक्कल." मी म्हटलं, सालात तीन वर्षांचा फरक आहे. तो म्हणाला, "मुलगाच आहे ना?"

घरी येऊन थोरल्या काकांना कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ बोट त्या ओळीवर ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या सगळ्यांच्या आधीचा आहे हा. सहा महिन्यांचा होऊन गेला. आई कधीतरी बोलायची." त्याचं नाव त्यांना आठवेना. १९५१चा मुलगा कोतवाल बुकात नव्हताच, म्हणजे कागदोपत्री गेलेला भाऊ जन्मला होता आणि समोर चहा पिणारे माझे वडील जन्मले नव्हते. ती नक्कल मी ट्रंकेतच ठेवली, याद्यांच्या खाली.

तुम्ही एवढे खोलात शिरू नका. सोपा मार्ग आधारचा. बाबा आधार काढायला गेले तेव्हा शाळेचा दाखला घरी राहिला होता, म्हणून त्यांनी तोंडी वय सांगितलं. यंत्रावरच्या पोरानं साल धरलं आणि पुढं १ जानेवारी घातली. आता त्यांच्याजवळ पोळा, जून आणि जानेवारी अशा तीन तारखा आहेत, आणि प्रसंग पाहून ते हवी ती काढतात.

पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. यंदाच्या जानेवारीतच बाबा आधार खिशात घालून पंढरपूरच्या गाडीत बसले. कंडक्टरनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं.

"नुकतीच पंच्याहत्तरी झालेली दिसते, बाबा."

"व्हायचीय अजून," बाबा म्हणाले. "पोळ्याला."