लंडनच्या कंपनीचे सर्टिफिकेट खरे असते, पण पुढे काय?

म्हापसा-कळंगुटकडच्या परदेशी नोकरीच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘कंपनीचे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असेल तर निर्धास्त राहा. ते सरकारने तपासूनच दिलेले असते. जगातले सगळे रजिस्ट्रार आता एकाच सिस्टीमला जोडलेले आहेत. वर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला) असेल तर प्रश्नच मिटला.’ यातले प्रत्येक वाक्य अर्धेमुर्धे खरे आहे, म्हणूनच लोक फसतात.

आधी ‘तपासूनच दिलेले’. शेजारच्या काकी मुलाच्या ऑफर लेटरसोबत लंडनच्या एका कंपनीचे सर्टिफिकेट घेऊन आल्या होत्या, लॅमिनेट करून. बनावट नव्हते ते. ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कंपनीज हाउस’च्या संकेतस्थळावर नंबर टाकला (फुकट असते, लॉगिनही लागत नाही), तर कंपनी निघाली. वय सात आठवडे, संचालक एक, भांडवल एक पौंड. ऑफर लेटरवर मात्र ‘पंचवीस वर्षांची परंपरा’!

तिथे एप्रिल 2024 पर्यंत 12 पौंडांत ऑनलाइन कंपनी निघायची. फॉर्म नीट भरला की नोंद व्हायची; त्यातला मजकूर खरा का, हे विचारायचे फारसे अधिकार निबंधकाकडे नव्हते. 2023 च्या कायद्याने ते दिले आणि 4 मार्च 2024 पासून लागू झाले. नव्या संचालकांना ओळख पटवणे सक्तीचे झाले ते तर 18 नोव्हेंबर 2025 पासून. आणि त्यातून कळते काय? माणूस कोण ते. तो पगार देईल का, हे नाही.

आता ‘एकच सिस्टीम’. अशी जोडणी आहे, पण मुख्यतः युरोपियन युनियनपुरती. जून 2017 पासून सदस्य देशांच्या कंपनी-नोंदवह्या एकमेकींना जोडल्या आहेत, म्हणून पोर्तुगालची कंपनी जर्मनीत बसून शोधता येते. भारत त्यात नाही, आणि युनियन सोडल्यावर ब्रिटनही नाही. जगभर चालणारा म्हणाल तर कंपन्या-संस्थांना मिळणारा वीस अक्षर-अंकांचा एलईआय क्रमांक आहे; आपली रिझर्व्ह बँकही मोठ्या कर्जदारांकडे तो मागते. पण तो ओळखक्रमांक आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. खरा मालक कोण, ही माहिती तर युरोपातही आखडली: 22 नोव्हेंबर 2022 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांची नोंदवही सरसकट सगळ्यांना खुली ठेवण्याची तरतूद रद्द केली. पत्रकारांची त्यावरची ओरड मला रास्त वाटते.

अपोस्टिलचे थोडक्यात सांगतो. त्यामागचा आंतरराष्ट्रीय करार 5 ऑक्टोबर 1961 चा, म्हणजे गोवा मुक्तीच्या अडीच महिने आधीचा. भारत त्यात 2005 मध्ये आला. अपोस्टिल सांगते की सही-शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे. आतल्या मजकुराबद्दल ते काही बोलत नाही.

मग पाहायचे काय? ब्रिटनला परदेशी कामगार न्यायचा तर मालकाकडे बहुतेक वेळा तिथल्या गृहखात्याचा वेगळा परवाना लागतो. अशा मालकांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली आहे. इकडचा एजंट नोंदणीकृत आहे का, ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. जहाजावरची नोकरी असेल तर भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा.

काकींच्या कंपनीचे नाव गृहखात्याच्या यादीत नव्हते. एजंटने मागितलेले दोन लाख अजून त्यांच्या खात्यातच आहेत. सर्टिफिकेट लॅमिनेट करायचे चाळीस रुपये तेवढे गेले.