व्हिडिओ पाठवला म्हणजे शिकवणारा तयार झाला?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप तर आमच्या भिशीचा आहे. मेसेजचा मथितार्थ असा: प्रौढांना शिकवायला वेगळं प्रशिक्षण लागत नाही, लिहितावाचता येणारा कोणीही शिकवू शकतो. स्वयंसेवकांची प्रत्यक्ष प्रशिक्षणं म्हणजे चहा-बिस्किटं आणि प्रवासभत्ता. त्यापेक्षा व्हिडिओ मोबाईलवर पाठवा, शेवटी प्रश्नमंजुषा घ्या, प्रमाणपत्र द्या, काम झालं. क्युबाने व्हिडिओवर लाखो लोक साक्षर केले, आपल्याकडे संगणकाने चाळीस तासांत वाचायला शिकवलं, आणि आता तर एआयच शिकवणार आहे. खाली नेहमीचं ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, पण एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं मात्र वाटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी साक्षरतेच्या स्वयंसेवकांसोबतच काम करते आहे, आणि मोबाईलशी माझं काही वैर नाही.

‘लिहितावाचता येणारा कोणीही शिकवू शकतो.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रासाचं. ‘उल्लास’ म्हणून आपण ओळखतो तो केंद्र सरकारचा प्रौढांसाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022-23 पासून सुरू आहे आणि त्याचा सगळा डोलारा बिनमानधनाच्या स्वयंसेवकांवर उभा आहे. बारावी झालेली सून सासूला शिकवते, शाळेत जाणारी नात आजीला. शिकवण्याची इच्छा असते, नातं असतं, वेळही काढला जातो. नसतं ते एकच: समोरचं माणूस चुकलं की ते का चुकलं हे ओळखता येणं.

आकड्यांचंच घ्या. ‘पंचवीस’ म्हणताना आपल्या तोंडात पाच आधी येतो, वीस नंतर. ऐकून लिहिणारी बाई जे आधी ऐकलं ते आधी लिहिते, म्हणजे 52. ‘एकोणचाळीस’ सांगितलं की बऱ्याच जणी 49 लिहितात. कानाला चाळीस लागलेलं असतं आणि ‘एकोण’ आलं की नऊ लिहायचा एवढं एव्हाना कळलेलं असतं. दोन्ही चुका हुशारीच्या आहेत. पण शिकवणारी सून म्हणते, “अहो आई, कालच सांगितलं ना!” आणि सासू दुसऱ्या दिवशी कंबर दुखत असल्याचं सांगून पाटीकडे फिरकत नाही.

हीच सासू मंगळवारच्या बाजारात टोमॅटो विकते. पस्तीस रुपये किलोने पावणेदोन किलोचे किती, असं मी एकदा विचारलं. माझं मनात पस्तीस पावणेदोन चालू होतं तोवर ती म्हणाली, “सव्वाएकसष्ट. साठ द्या.” पावकी-निमकी तिने कुठल्या शाळेत पाठ केली नव्हती. संख्याज्ञान तिच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आहे, फक्त ते कागदावर नाही. हे एकदा सुनेला दिसलं की पुढचं शिकवणं वेगळं होतं. ‘1 म्हणजे एक, 2 म्हणजे दोन’ करत बसण्याऐवजी ती सासूचाच हिशेब तिच्यासमोर लिहून दाखवते. मात्र हे दिसावं म्हणून कोणीतरी तिच्या शेजारी बसून दाखवावं लागतं.

आणि चाळिशी! आपल्या भाषेत वयालाही चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही, तरी प्रशिक्षणात हा विषय निघत नाही. ‘त्यांच्या डोक्यात शिरत नाही’ अशी तक्रार असलेल्या किती तरी बायकांना प्रत्यक्षात अक्षर दिसतच नव्हतं. केरळमधला एर्नाकुलम जिल्हा 4 फेब्रुवारी 1990 रोजी देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्या मोहिमेत हजारो चष्मे गोळा करून वाटले गेले होते. शिकणाऱ्यांची अडचण वर्गात बसून कोणीतरी पाहिली, म्हणून ते सुचलं.

‘प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणजे चहा-बिस्किटं.’ यावर मी फार भांडणार नाही. दीडशे स्वयंसेवक एका सभागृहात कोंबून, पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवणारी प्रशिक्षणं मी पाहिली आहेत. खरं सांगायचं तर एक-दोन मी स्वतःच घेतली आहेत. ती वाईटच होती. पण मेसेजवाल्यांचा उपाय काय, तर तेच भाषण सहा इंची पडद्यावर. म्हणजे रोग कायम ठेवून चहा तेवढा बंद.

तंत्रज्ञानातून शिक्षक-प्रशिक्षण हा विचार आपल्याकडे नवाही नाही. 1975-76 मध्ये ‘साइट’ नावाचा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत संच बसवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. आकाशातून थेट गावात चित्र येतंय, याचं तेव्हा केवढं अप्रूप! तरीही आखणाऱ्यांनी फक्त टीव्हीवर विसंबून काम केलं नाही. कार्यक्रमासोबत रेडिओ होता, छापील साहित्य होतं, करून बघायच्या कृती होत्या आणि केंद्रावर चर्चा घडवायला माणूस होता. पन्नास वर्षांपूर्वी त्यांना जे उमगलं होतं ते आपण स्मार्टफोन आल्यावर विसरलो.

प्रश्नमंजुषा आणि प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. एका ऑनलाइन प्रशिक्षणाला मी मुद्दाम नाव नोंदवलं. तीन व्हिडिओ आवाज बंद करून, मेथी निवडता निवडता चालवले. शेवटी दहा प्रश्न, आणि उत्तीर्ण होईपर्यंत कितीही वेळा सोडवायची मुभा. तिसऱ्या खेपेला दहापैकी दहा. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं होतं. यातून एवढंच सिद्ध झालं की व्हिडिओ चालला. तो कोणी पाहिला हेही सिद्ध झालं नाही, कारण आमच्याकडे बऱ्याच स्वयंसेविकांचा नोंदवलेला नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा असतो आणि फोन दिवसभर त्याच्याबरोबर शेतात नाहीतर कंपनीत असतो.

आता क्युबा. या उदाहरणाने मेसेजला वजन येतं, म्हणून जरा थांबून पाहू. क्युबाच्या दोन वेगवेगळ्या गोष्टींची मेसेजवाल्याने खिचडी केली आहे.

पहिली 1961 सालची. त्या वर्षीच्या मोहिमेत सात लाखांवर माणसं लिहायला-वाचायला शिकली. व्हिडिओचा तिथे संबंधच नव्हता. शाळा-कॉलेजातली सुमारे एक लाख मुलंमुली हातात कंदील आणि पुस्तिका घेऊन खेड्यांत राहायला गेली. दिवसा शेतात काम, रात्री कंदिलाच्या उजेडात धडा. जाण्याआधी त्यांना वाराडेरो इथे नेऊन शिकवण्याचे धडे दिले होते, आणि गावात गेल्यावरही त्यांच्या मागे जाणते शिक्षक होते. म्हणजे आपल्या स्वयंसेवकांपेक्षा फार वेगळी नसलेली ही पोरं होती, फक्त त्यांना एकटं सोडलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट 2001 सालची. लिओनेला रेलिस या क्युबन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी ‘यो सी पुएदो’, म्हणजे ‘हो, मला जमतं’, ही पद्धत तयार केली. तिच्यात खरोखरच व्हिडिओ आहेत, 65 पाठांचे. व्हेनेझुएलापासून तिमोर-लेस्तेपर्यंत आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांपर्यंत ती गेली, 2006 मध्ये तिला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कारही मिळाला. पण त्या व्हिडिओत काय असतं? एक वर्ग. शिक्षिका आहे, समोर शिकणारे प्रौढ बसले आहेत, ते अडखळतात, चुकतात, पुन्हा करतात. आणि हा व्हिडिओ जिथे लागतो तिथे टीव्हीशेजारी गावातलाच एक मदतनीस उभा असतो. तो चित्र थांबवतो, विचारतो, वहीवर फिरतो, मग पुढे जातो. या मदतनिसाला वेगळं शिकवलेलं असतं आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणारा जाणता माणूस अधूनमधून त्याच्याकडे येत असतो. व्हिडिओने शिकणाऱ्याला पाठ दिला आणि मदतनिसालाही रोज एक नमुना दाखवला. दुहेरी काम. त्यातला मदतनीस काढून टाका, मग उरतो तो टीव्ही, तो तर आपल्या घरोघरी आधीच आहे.

‘संगणकाने चाळीस तासांत वाचायला शिकवलं.’ रोख टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संगणकाधारित साक्षरता कार्यक्रमाकडे असावा. 2000 साली, कंपनीचे पहिले सीईओ फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला, आधी तेलुगूत, पुढे मराठीसह इतर भाषांत. सुटी अक्षरं गिरवत बसण्यापेक्षा शब्द ओळखण्यावर भर, आणि प्रशिक्षित शिक्षकावरचं अवलंबन कमी करणं, ही त्यामागची कल्पना. वर्तमानपत्रातला सोपा मजकूर वाचता येणं हे ध्येय होतं. प्रयत्न मोलाचा होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याचा भर वाचनावर होता, हे मेसेजमध्ये गाळलं आहे. आता उल्लासची परीक्षा 150 गुणांची असते: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, आणि तिन्ही भागांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. ज्या हाताने चाळीस वर्षं खुरपं धरलं त्या हाताने पेन्सिल कशी धरायची, हे पडद्यावर बोट दाखवून येत नाही. बोटं दुखतात, कागद फाटतो. शेजारचीने “दाबू नका एवढं” म्हणावं लागतं.

पैसे वाचतात म्हणे. उल्लासची पाच वर्षांची तरतूद 1,037.90 कोटी रुपये, उद्दिष्ट 5 कोटी असाक्षर. भागाकार करून पाहा, माणशी साधारण 208 रुपये, तेही पाच वर्षांत मिळून. हल्ली मोबाईलचं महिन्याचं एक रिचार्ज मारलं की एवढे जातात. यातून प्रशिक्षणाचे नेमके किती वाचवणार? आधीच्या साक्षर भारत योजनेत गावच्या लोकशिक्षण केंद्रात महिना 2,000 रुपये मानधनाचे प्रेरक तरी होते. मानधन तुटपुंजं होतं, पण स्वयंसेवकाला विचारायला गावात एक माणूस होता. मार्च 2018 मध्ये ती योजना संपली आणि तो माणूसही गेला. मोबाईलकडून ही रिकामी जागा भरून घ्यायची, हा विचार माझ्या मते बरोबर आहे. पण ती जागा व्हिडिओ दाखवणाऱ्याची नव्हती, विचारपूस करणाऱ्याची होती.

एआयबद्दल एवढंच म्हणेन की आमच्याकडच्या आजी ‘ळ’ आणि ‘ण’ जसा उच्चारतात तो फोनला कळतो का ते आधी बघा, मग पुढचं बोलू.

मग मोबाईल कशासाठी वापरायचा? आम्ही जे करतो ते सांगते. आमच्या ग्रुपमध्ये अकरा स्वयंसेविका आहेत. व्हिडिओ पाठवायचं आम्ही जवळजवळ बंद केलं. त्याऐवजी प्रत्येकीने आठवड्यातून एकदा स्वतःच्या वर्गाचं तीन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, नुसता आवाज. शिकणारीला विचारूनच, आणि तिची हरकत नसेल तरच ग्रुपवर टाकायचं. गुरुवारी रात्री जेवणं आटोपली की ग्रुप कॉल, आणि त्यात एकाच रेकॉर्डिंगवर बोलायचं. ते छान की वाईट हे सांगायचं नाही. इथे काय झालं, त्या तसं का म्हणाल्या, पुढे काय करून बघू, एवढेच प्रश्न. आवाजाची फाइल छोटी असते, साध्या फोनवरही चालते, आणि घरात कोणी ‘व्हिडिओत बाईमाणसाचं तोंड दिसलं’ म्हणून कुरकुरत नाही.

वर सांगितलेल्या टोमॅटोवाल्या सासूच्या सुनेचंच पहिलं रेकॉर्डिंग चार मिनिटांचं होतं. त्यात सासूबाईंचे मोजून पाच शब्द. बाकी सगळी सून: म्हणा ‘न’, म्हणा ‘ळ’, असं नाही, असं, बघा इकडे, लक्ष कुठंय. कॉलवर मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, “बाई, मीच बोलतेय की सगळं. आई कुठेत यात?” हे तिला मी सभागृहात दहा वेळा सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन तेच केलं असतं. स्वतःचा आवाज ऐकल्यावर सांगायची गरज उरली नाही.

दोन आठवड्यांनी दुसरं आलं. सुरुवातीला सून म्हणते, “आई, हे काय असेल?” मग बराच वेळ कोणीच बोलत नाही. मागे कुकरची एक शिट्टी होते. मला वाटलं रेकॉर्डिंग बंद पडलं, म्हणून मी आवाज वाढवला. तेवढ्यात सासूबाई: “न... नळ. नळ आहे गं. पाणी आलंय का बघ.”

सून पाणी बघायला गेली, रेकॉर्डिंग तिथेच संपतं. पुढच्या गुरुवारी आम्ही यावरच बोलणार आहोत.